जाहिरातींशिवाय मध्यंतर

मंडई, पुणे
सोमवार, दुपार

प्रिय रुपाली,

आधी बातमी ऐक, लाडाचं नंतर. तू नको नको म्हणालीस ते ॲप आम्ही पुन्हा भरलं. महिन्याचं नाही, वर्षाचं. आणि साधं नाही, त्यातलं सगळ्यात महागडं. तेव्हा आता फोनवर मला समजावू नकोस, की आई ते ॲप बेकार आहे, मॅच मध्येच अडकते, उगाच पैसे घालवू नका. पैसे गेले. आता त्यांच्या मागे बोंबलत जाण्यात अर्थ नाही.

पाकीट बघून दचकली असशील, म्हणून सांगते, घरात कुणाला काही झालेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, तुझे बाबा तर गरजेपेक्षा जास्तच. पत्र अशासाठी, की फोनवर आपण दोघी फार गोड बोलतो. तू कशी आहेस विचारलं की मस्त. जेवलीस का, मस्त. मॅच कशी झाली, मस्त. एवढं मस्त तर आमच्या मंडईत हापूसच्या दिवसांतही काही नसतं. पत्रात मी बोलत असताना तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हा याचा मोठा फायदा. सोबत लिंबाचं लोणचं आहे. होस्टेलच्या मुलींना दे, पण बरणी परत आण. मागची अजून आलेली नाही.

तुला मंगळूरच्या क्लबने घेतलं त्या दिवशी मी गाळ्यावर पेढे वाटले होते ते आठवतं ना? लिंबू-मिरचीच्या गाळ्यावर पेढे, गिऱ्हाइकं चक्रावली होती. एका सदाशिव पेठेतल्या आजोबांनी तर पेढा घेऊन वर विचारलं, की याच्याबरोबर कोथिंबीर फुकट का. मी त्यांना म्हटलं, आजोबा, पोरगी फुटबॉल खेळते, आज कढीपत्तासुद्धा फुकट. ती पोरगी याच गाळ्यात माझी लिंबं पायावर उडवत फुटबॉल शिकली, हे मी त्यांना सांगत बसले नाही. एक पडू न देता उडवत राहायचीस आणि मी ओरडत राहायचे, आणि मग तुझ्या पायाला लागलेली लिंबं वेगळी काढून रसवंतीवाल्याला द्यायचे. त्याला अजून पत्ता नाही. तोही पायानेच मशीन चालवायचा, त्यामुळे फिटंफाट.

आणि डावा पाय तुला बाबांनी दिला. कंपनीच्या टीममध्ये ते डावीकडून पळायचे. बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्या देशात यायला लागल्या तेव्हा त्यांच्या कंपनीने आधी फुटबॉलची टीम बंद केली, मग खातं बंद केलं आणि शेवटी बाबांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नकोस. पण तुझे बाबा कधी रडत बसले नाहीत. टेम्पो घेतला, पहाटे मार्केट यार्डातून माल आणायला लागले आणि संध्याकाळी तुला घेऊन मैदानावर जायला लागले. सगळी पोरं उजव्या पायाने मारतात, म्हणून तू डाव्याने मार, एवढंच त्यांचं कोचिंग. लोकांना वाटायचं, पोरीला काय नादाला लावलंय. मला तसं कधी वाटलं नाही. मला एवढंच वाटायचं, की बूट फार लवकर फाटतात.

तर तू मंगळूरला गेलीस आणि आमचा खरा खेळ सुरू झाला. तुझी मॅच बघायची. एवढीच इच्छा होती, देवाकडे बंगला नव्हता मागितला. पूर्वी काय होतं, घरात एक टीव्ही, एक केबलवाला, तो दर महिन्याला दारात उभा राहायचा, आपण त्याला उद्या ये म्हणायचो आणि सगळं दिसायचं. आता म्हणे केबलवर काही नसतं, ॲपवर असतं. तू म्हणालीस पिवळ्या ॲपवर दिसेल, म्हणून आम्ही पिवळं भरलं, एकदम वर्षाचं, कारण वर्षाचं स्वस्त पडतं. त्यावर कबड्डी दिसली, क्रिकेट दिसलं, साहेबांच्या देशातला सगळा फुटबॉल दिसला, बर्फात कुत्रे गाडी ओढतात त्याचीसुद्धा शर्यत दिसली. तुमची लीग तेवढी दिसेना. मी त्यांना तक्रार लिहिली. उत्तर आलं, आपल्या भावना आम्ही समजतो. मी लिहिलं, भावना राहू द्या, मॅच दाखवा. पुन्हा उत्तर आलं, आपल्या भावना आम्ही समजतो. एवढं तर तुझ्या बाबांनी पंचवीस वर्षांत मला समजून घेतलेलं नाही.

मग कळलं, यंदा तुमची लीग निळ्या ॲपने घेतली. आगीतून फुफाट्यात. निळ्याचं स्वस्तातलं घेतलं तर ते फक्त फोनवर चालतं, टीव्हीवर लावलं की हात जोडून म्हणतं वरचा प्लॅन घ्या. आणि ओटीपी जातो बाबांच्या फोनवर. बाबा असतात टेम्पोत, फोन असतो सीटखाली, आणि मी इकडे मिरच्या तोलता तोलता त्या आकड्यांची वाट बघत असते. पण मी हटले नाही. पहिल्या मॅचच्या शनिवारी चार वाजता गाळ्यावर फोन उभा केला, आल्याच्या ढिगाला टेकवून. शेजारची चंद्रभागा कांदे-बटाटे सोडून आली, समोरचा नारळवाला सोनबा आला, हमाल आले, दोन गिऱ्हाइकंसुद्धा थांबली. फोनच्या पडद्यावर पोरी मोहरीएवढ्या दिसत होत्या, त्यात माझ्या फोनला तडा. पण निळी जर्सी, उंच बांधलेली शेपटी आणि डावीकडून वाऱ्यासारखी पळणारी पोरगी मला दिसली. मी ओरडले, ती बघा आमची रुपाली. तेवढ्यात तिने गोल मारला.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. सोनबाने विकायचा नारळ काढून तिथेच फरशीवर फोडला आणि खोबरं वाटलं. चंद्रभागा एरवी कांद्याचं सालसुद्धा फुकट देत नाही, तिने मला मिठी मारली. आणि संध्याकाळी मी तुला फोन केला, फोन स्पीकरवर, सगळी मंडई मागे कान लावून उभी. मी म्हटलं, रुपे, गोल बघितला गं तुझा, सगळ्यांनी बघितला. तू म्हणालीस, हो का आई, दिसला का? आणि मागे टाळ्या पडल्या.

पुढच्याच आठवड्यात मी बुधवार पेठेत उत्तरेश्वरच्या दुकानात गेले. त्याच्याकडूनच आपण टीव्ही घेतला होता, तोच तो, ज्याच्या काउंटरवर पाटी आहे, की रिमोट दाबून बघू नये, दाबल्यास विकत घ्यावा. मला टीव्हीवर मॅच दिसायला हवी होती. त्याने माझा फोन घेतला, मी काय बघितलं ते उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, काकू, आपण थायलंडला मुलगी दिलीय का? मला काही कळेना. तेव्हा त्याने मोठ्या टीव्हीवर तीच मॅच लावली. निळी जर्सी होती, शेपटी होती, डावा पाय होता. पोरगी थायलंडची होती. मी चुकीच्या चौकटीवर बोट ठेवलं होतं. महिला फुटबॉल लाइव्ह, एवढं वाचलं आणि उघडलं. आम्ही अख्खी मंडई थायलंडसाठी नारळ फोडून बसलो होतो.

मी दुकानात हसले. खूप हसले, उत्तरेश्वरने पाणी दिलं. घरी येताना बसमध्ये मात्र हसू थांबलं. कारण मग तू कोणत्या गोलला हो म्हणालीस? मी स्वतःला समजावलं, की तूही त्याच दिवशी मारला असशील. योगायोग असतात. मंडईत असं रोज होतं, दोन बायका एकाच वेळी एकाच जुडीला हात घालतात. मी कुणाला काही बोलले नाही. नारळ फुटला होता, खोबरं खाऊन झालं होतं, सोनबाला आता ते थायलंडचं होतं म्हणून सांगायचं तरी कसं?

उत्तरेश्वरने टीव्हीला मागून खुपसायची एक कांडी दिली आणि वरचा प्लॅन घ्यायला सांगितलं, एका वेळी दोन ठिकाणी चालणारा, तीन महिन्यांचा. माझ्या एकटीच्या खिशाला तो झेपेना, तर आमच्या बायकांच्या भिशीत विषय निघाला. या खेपेला भिशी माझी होती. चंद्रभागाच म्हणाली, हिची भिशी ॲपला घाला आणि पासवर्ड सगळ्यांना द्या. म्हणजे मंडईतल्या सगळ्या सासवा-सुनांच्या मालिका माझ्या पैशांवर आणि तुझ्या फुटबॉलवर चालल्यात, हे लक्षात असू दे. उत्तरेश्वरने घरी येऊन कांडी लावून दिली. टीव्हीला आपल्या घरच्या भागाचं नावसुद्धा दिलं, बिबवेवाडी. म्हणाला, काकू, आता तरी दिल्लीच्या खाली आणि कन्याकुमारीच्या वर बघा.

त्या शनिवारी मी बरोबर मॅच लावली. चार वेळा खात्री केली. या वेळी कुणाला बोलावलं नाही. फोन लसणाच्या पोत्याआड धरला आणि एकटीने बघितली. अकरा पोरींची नावं आली, त्यात तुझं नव्हतं. मी म्हटलं, छापायला विसरले असतील. मग कॅमेरा कडेने फिरला आणि तू दिसलीस. जर्सीवर पोपटी जाकीट घातलेलं आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्यांची जाळी. बाटल्या ठेवल्यास, ओळीने नीट लावल्यास आणि बाकावर टोकाला जाऊन बसलीस. बाटल्या फार छान लावल्या होत्यास. मी फोन बंद केला.

त्या रात्री फोनवर तू म्हणालीस, आई, आज पूर्ण वेळ खेळले, पाय दुखतायत. मी म्हटलं, तेल लाव. मला राग आला नाही, खरंच सांगते. एवढी माझी तोंडाळ पोरगी, शाळेत मास्तरांना उलट उत्तरं देणारी, आणि आता मला बरं वाटावं म्हणून खोटे गोल मोजत बसलीय. मंडईत कुणी विचारलं की मी सांगायला लागले, काय करणार, ॲप बिघडलंय, नुसतं चक्र फिरतं. ॲपला शिव्या घालायला सगळ्यांना आवडतं, त्यामुळे लगेच पटायचं. आणि बाबांना तर मी मुळीच कळू देणार नव्हते. त्यांनी तो पाय तुला दिलाय. देवाची कृपा म्हणजे शनिवारी संध्याकाळी मी घरी गेले की तेच आपण होऊन म्हणायचे, आज काही दिसलंच नाही, चक्र फिरत होतं गोल गोल. मी म्हणायचे, माझ्याही फोनवर तेच. मग आम्ही दोघं मिळून ॲपवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचो आणि पिठलं-भाकरी खायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

असे सगळे शनिवार गेले. मी दर वेळी पोत्याआड अकरा नावं वाचायचे, तू नाहीस हे कळलं की फोन बंद करून काट्याला हात घालायचे. मध्यंतरापर्यंत मी कधी थांबलेच नाही. बघायचं तरी काय, असं मला वाटायचं.

आणि परवाच्या शनिवारी निळ्या ॲपने मला आतच घेतलं नाही. पडद्यावर आलं, की तुमचा प्लॅन सध्या दोन ठिकाणी चालू आहे. एक चंद्रभागाचा फोन. ती समोरच बसली होती, मालिकेतल्या कुणाच्या तरी लग्नात डोळे पुसत. आणि दुसरं ठिकाण, बिबवेवाडी. रुपे, मी ते नाव तीनदा वाचलं. ज्या टीव्हीवर गेले कित्येक शनिवार चक्राशिवाय काही दिसत नाही, तो टीव्ही चांगला चालू होता. गाळा चंद्रभागावर टाकला, तिच्या लग्नासकट, आणि रिक्षा केली. रिक्षा केली म्हणजे काय ते तुला कळेल, मी सोन्याचे दागिने करते पण रिक्षा करत नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा टीव्हीच्या इतक्या जवळ उभे होते, की नाक लागेल. चष्मा कपाळावर. मला बघितलं तसा त्यांनी गडबडीत रिमोट उचलला, तो उलटा धरला आणि दाबत राहिले. टीव्ही काही बंद होईना. आणि वर मला सांगतात काय, तर चक्र फिरतंय. टीव्हीवर हिरवंगार मैदान आणि हे म्हणतात चक्र फिरतंय. मी म्हटलं, फिरू द्या, जरा सरका. आणि मीही शेजारी उभी राहिले. इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. त्यांना वाटत होतं मला सोसायचं नाही, मला वाटत होतं त्यांना. अन् तुला वाटत होतं आम्हा दोघांना. तिघांनी मिळून त्या बिचाऱ्या ॲपला बदनाम केलं. ते कधीच बिघडलेलं नव्हतं.

मॅचचं मध्यंतर चालू होतं. मी म्हटलं, आता काय बघताय, दोन्ही टीम आत गेल्या. तर म्हणाले, थांब की. आणि राखीव मुली मैदानात आल्या. पोपटी जाकिटं काढून, गोल करून चेंडू एकमेकींना देत. तू त्यात होतीस. हसत होतीस गं. चेंडू छातीवर घेतलास, मांडीवर उडवलास, जसं माझं लिंबू उडवायचीस. मी इतके शनिवार अकरा नावं वाचून फोन बंद करत होते, आणि हा माणूस मध्यंतराची वाट बघत होता.

मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. भिशीच्या प्लॅनमध्ये मध्यंतर झालं की जाहिराती लागायच्या. बनियन, वेलची, घरबसल्या रमी. दोन जाहिरातींच्या फटीत एकदा क्षणभर मैदान दिसलं आणि त्यात तू दिसलीस. मग ते दर शनिवारी त्या फटीसाठी बनियनच्या जाहिराती बघत बसायचे. तीन महिने संपले तेव्हा तू म्हणालीस पुन्हा भरू नका, मीही वरवर मान डोलावली, आणि नंतरही ॲप चालूच राहिलं तेव्हा म्हटलं, बंद करायला विसरले असतील. पण हे गुपचूप गेले उत्तरेश्वरकडे आणि विचारलं, जाहिराती नसलेलं काही असतं का. असतं म्हणाला, महाग पडेल. तुझे बाबा, जे पंक्चर निघाल्याशिवाय टायर बदलत नाहीत आणि निघालं तरी दोनदा विचार करतात, त्यांनी तिथल्या तिथे वर्षाचे पैसे मोजले. मॅच सगळ्याच प्लॅनमध्ये दिसते. त्यांनी फक्त मध्यंतर विकत घेतलं. मला सांगितलं तेव्हा मी आरडाओरडा केला, न करून कसं चालेल, पण आत चहा ठेवताना पदर डोळ्याला लावला. हे त्यांना सांगू नकोस.

आता त्या गोलचं. तो विषय आज संपवून टाकू. थायलंडचा गोल मी तुझ्या नावावर लावला, मागे मंडई टाळ्या वाजवत होती, तू बिचारी काय बोलणार होतीस? तिथे मी असते तर मीही हो म्हटलं असतं. एकदा हो म्हटलं की पुढचं आपोआप येतं, काट्यावर एकदा अंगठा ठेवला की रोज ठेवावा लागतो. तो अंगठा आता काढ. पुढच्या फोनवर मला गोल सांगायचा नाही, पूर्ण वेळ सांगायचा नाही. दिवस वाईट गेला तर वाईट गेला म्हण. मी मंडईतली बाई आहे, पडलेला भाव ऐकून मला चक्कर येत नाही.

आणि बाकावर बसण्याचं म्हणशील, तर तुझी आई काय करते ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. कोथिंबिरीच्या सगळ्या जुड्या मी सकाळीच पुढे मांडत नाही. थोड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवते, अधूनमधून पाणी शिंपडते. त्या खराब असतात म्हणून नाही. संध्याकाळी ऑफिसं सुटली की खरी गर्दी होते, तेव्हा त्याच निघतात, आणि सकाळच्या माना टाकून बसलेल्या असतात. सोनबाला मी काल सगळं खरं सांगितलं, थायलंडसकट. तो म्हणाला, हाय तर हाय, नारळ काय पासपोर्ट बघून फुटत न्हाई. तुझ्या खऱ्या गोलला दुसरा फोडणार आहे. त्याचा एक बाजूला काढून ठेवलाय म्हणतो, पण त्याच्या शब्दावर जाऊ नकोस, गिऱ्हाईक आलं की विकेल.

पण हे सगळं मी फोनवरही बोलले असते, एवढ्यासाठी पत्र लिहिलेलं नाही. शनिवारी तू छातीवर, मांडीवर चेंडू घेत होतीस आणि मी कौतुकाने बघत होते, तेव्हा बाबा हसत नव्हते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, हिने अजून डावा पाय उचललेला नाही. मग मीही बघितलं. चेंडू डावीकडे आला की तू वळून उजव्याने मारत होतीस. ते म्हणाले गेल्या खेपेलाही असंच होतं, त्याच्या आधीही, पहिल्यांदा वाटलं चुकून असेल. बाबांनी कंपनीच्या टीममध्ये असे गुडघे बघितलेत, डावा गुडघा दुखतोय तुझा, आणि तू तो क्लबपासून लपवतेयस, बाकावरचं नावही जाईल म्हणून, आणि आमच्यापासून तर सगळंच लपवतेयस. आता ऐक. हे पत्र वाचून झालं की तशीच उठ, तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि गुडघा दाखव. खरं सांग, आमच्याशी बोलतेस तसं नाही. ते सांगतील तेवढे दिवस विश्रांती घे. क्लबने काढलं तर घरी ये, गाळ्यावर लिंबं आहेत, मैदान आहे, बाबांचा टेम्पो आहे, पाय नीट झाला की क्लब पुन्हा शोधू, क्लबांना काही तोटा नाही आणि तुझ्या डाव्या पायासारखा पाय रस्त्यावर पडलेला नाही. येत्या शनिवारी मध्यंतराला बाकीच्या मुली चेंडू घेऊन मैदानात जातील, तेव्हा तू जायचं नाही. बाटल्यासुद्धा दुसरीला उचलू दे. बाकावर पाय लांब करून निवांत बसून राहा, म्हणजे आम्हाला कळेल पत्र पोचलं. मी गाळा बंद ठेवणार आहे, आम्ही दोघं टीव्हीसमोर असू. वर्षाचे पैसे भरलेत आम्ही, बसलेली दिसलीस तरी वसूल आहेत.

तुझीच, आणि लोणच्याच्या दोन बरण्यांची वाट बघणारी,
आई